यादीतले नाव, शोधातले स्थान: नांदेड-लातूरच्या वेबसाइट आणि वेब डिरेक्टऱ्या

वेब डिरेक्टरी म्हणजे वेबसाइटची किंवा व्यवसायांची विषयवार आणि गावनिहाय लावलेली यादी. सर्च इंजिन यंत्राकरवी पाने गोळा करते आणि विचारलेल्या शब्दांप्रमाणे त्यांचा क्रम लावते. डिरेक्टरीत आधी कप्पे असतात आणि प्रत्येक नोंद कुणीतरी एखाद्या कप्प्यात टाकलेली असते. नांदेडच्या नव्या मोंढ्यातला बियाणे विक्रेता, लातूरच्या ट्यूशन एरियातला क्लास किंवा उदगीरचा दवाखाना वेबसाइट करून घेतो, तेव्हा त्याला बहुधा एक पॅकेजही सुचवले जाते: शे-पाचशे डिरेक्टऱ्यांमध्ये नोंद करून देऊ, वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर येईल. या दाव्याची तपासणी करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. डिरेक्टरीतून मिळणाऱ्या लिंकचे वजन ही एक. व्यवसायाच्या अस्तित्वाची साक्ष म्हणून त्या नोंदीचा उपयोग ही दुसरी. आणि डिरेक्टरी स्वतःच शोधनिकालात वरची जागा घेऊन बसते, ही तिसरी. पहिलीचे मोल आज जवळपास संपले आहे, दुसरीचे टिकून आहे, आणि तिसरीचा विचार मराठवाड्यात फारसा झालेलाच नाही.

डिरेक्टरी सर्च इंजिनपेक्षा थोरली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारे जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी 1994 मध्ये आपल्या आवडीच्या वेबसाइटची जी यादी सुरू केली, तीच पुढे याहू झाली. त्या काळी वेबसाइट शोधायची म्हणजे कप्प्यातून कप्प्यात उतरत जायचे. याहूच्या कप्प्यांत नावे वर्णानुक्रमे लागत, म्हणून इंग्रजी 'ए'पासून किंवा आकड्यापासून सुरू होणारी नावे ठेवण्याची टूम निघाली. वेबवर दिसण्यासाठी नावाची मोडतोड करण्याची ती सुरुवातीची खेप. पुढे व्यावसायिक वेबसाइटला याहूच्या यादीत यायचे तर वर्षाला 299 डॉलर मोजावे लागत. एवढी रक्कम लोक भरत, कारण त्या यादीत असणे म्हणजे दिसणे, असे समीकरण तेव्हा खरोखरच होते.

जून 1998 मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी याहूला पर्याय म्हणून स्वयंसेवी संपादकांची डिरेक्टरी काढली. ती लवकरच नेटस्केपने घेतली आणि 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट' किंवा 'डीमॉझ' या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रादेशिक, मग आशिया, मग भारत, मग महाराष्ट्र अशी तिची उतरंड होती. नोंद फुकट होती, पण संपादकाने पाहून मान्य केल्याशिवाय होत नसे आणि त्यासाठी कित्येक महिने थांबावे लागे. त्याच वर्षी सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी पेजरँकची कल्पना मांडली: एका पानाने दुसऱ्याला लिंक देणे म्हणजे त्याच्या बाजूने मत देणे, आणि ज्याला मोठी मते मिळाली आहेत त्याचे मतही मोठे. या हिशेबात डीमॉझचे मत फार वजनदार ठरले. शिवाय तिची माहिती कुणालाही वापरायला खुली असल्याने तिच्या शेकडो नकला वेबवर होत्या. गूगलची स्वतःची डिरेक्टरीही तिच्यावरच उभी होती. डीमॉझमध्ये एक नोंद झाली की तिचे पडसाद कितीतरी ठिकाणी उमटत. 'डिरेक्टरीत नाव घाला, रँकिंग वाढेल' हा समज याच काळातला आहे. त्या काळात तो खरा होता, हेही मान्य करायला हवे.

त्या काळाचा शेवट टप्प्याटप्प्याने झाला. गूगलने आपली डिरेक्टरी 2011 मध्ये बंद केली, याहूची डिरेक्टरी 2014 च्या डिसेंबरात मिटली आणि डीमॉझ 17 मार्च 2017 रोजी थांबली. मिटताना तिच्यात सुमारे 38 लाख वेबसाइटच्या नोंदी होत्या. आता याच तारखेशेजारी दुसरी एक तारीख ठेवावी. रिलायन्स जिओची सेवा 5 सप्टेंबर 2016 रोजी सुरू झाली आणि स्वस्त डेटा त्यानंतर तालुक्या-तालुक्यात पोचला. दोन्ही घटनांत जेमतेम सहा महिन्यांचे अंतर आहे. नांदेड-लातूरचा सामान्य दुकानदार, अडत्या, डॉक्टर किंवा क्लासचालक गूगलवर ग्राहक शोधू लागला तो डिरेक्टरीचा काळ सरल्यावर. ज्या काळात डिरेक्टरीची लिंक कामाची होती त्या काळात या भागातले व्यवसाय वेबवर जवळपास नव्हतेच. त्या काळाची युक्ती मात्र पॅकेज बनून आजही त्यांना विकली जाते. हा तोटा केवळ पैशांचा नाही. नव्याने वेबवर आलेल्या माणसाची पहिली समजूतच यातून चुकीची घडते.

लिंकचे वजन का संपले, हे पेजरँकच्या मूळ गणितातच दिसते. एखादे पान आपले वजन त्याच्यावरच्या सगळ्या लिंकमध्ये वाटून देते. दहा लिंक असलेल्या पानावरून प्रत्येकीला दहावा हिस्सा मिळतो, हजार लिंक असलेल्या पानावरून हजारावा. फुकट नोंदींच्या डिरेक्टरीत एकेका पानावर शेकडो नावे असतात आणि मुळात त्या पानाला बाहेरून कुणी लिंक दिलेली नसते. शून्याच्या आसपासच्या वजनाचा शंभरावा हिस्सा कितीशे ठिकाणांहून गोळा केला तरी हाती काही लागत नाही. त्यात जानेवारी 2005 मध्ये 'नोफॉलो' ही खूण आली. लिंकला ही खूण लावली की सर्च इंजिनने तिला मत समजू नये, असा तिचा अर्थ. आता अनेक डिरेक्टऱ्या बाहेरच्या लिंकना ही खूण लावतात, काही वेबसाइटची थेट लिंक देतच नाहीत. नव्या वेबसाइटची खबर सर्च इंजिनला लागावी म्हणूनही डिरेक्टरीची गरज उरलेली नाही. साइटमॅपची, म्हणजे वेबसाइटच्या पानांच्या यादीची, सोय 2005 मध्ये आली, आणि आज गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात तो दाखल केला की नवी पाने गूगलच्या नजरेस येतात.

पुढचा घाव 24 एप्रिल 2012 रोजी बसला. गूगलच्या 'पेंग्विन' या बदलाने बनावट रीतीने जमवलेल्या लिंकवर रोख धरला. एकाच मजकुराने शेकडो डिरेक्टऱ्यांत नोंदवलेल्या वेबसाइट खाली घसरल्या आणि जगभर लिंक जमवून देणारेच त्या काढून टाकण्याच्या कामाला लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गूगलने नको त्या लिंक नाकारण्याचे साधन दिले. 2016 च्या सप्टेंबरपासून पेंग्विन मुख्य पद्धतीचाच भाग झाला आणि वाईट लिंकसाठी वेबसाइटला शिक्षा करण्यापेक्षा त्या मोजायच्याच नाहीत, असे धोरण आले. दर्जाहीन डिरेक्टऱ्यांतल्या लिंक गूगलच्या नियमावलीत लिंक-घोटाळ्याचे उदाहरण म्हणून नावानिशी दिलेल्या आहेत. म्हणजे पाचशे नोंदींच्या पॅकेजचा चांगल्यात चांगला परिणाम शून्य. जी वेबसाइट नवी आहे आणि जिच्याकडे दुसऱ्या कुठल्याच लिंक नाहीत, तिच्या सगळ्या लिंक अशा जागांहून आलेल्या असतील तर ते चित्र तिच्या बाजूने बोलत नाही. अशा पॅकेजवर नांदेडच्या किंवा लातूरच्या लहान व्यावसायिकाने एक रुपयाही घालवू नये, इतके हे स्पष्ट आहे.

मग नोंदीचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण तो लिंकमध्ये नाही. शोधणाऱ्याला एखादी जागा हवी असते तेव्हा गूगल नकाशासह तीन व्यवसाय वर दाखवते. आधी तिथे सात दिसत. 2015 च्या ऑगस्टपासून तीनच दिसू लागले, आणि स्पर्धा तेवढी तीव्र झाली. या तिघांची निवड तीन गोष्टींवर होते असे गूगल सांगते: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. ही प्रसिद्धी ठरवताना वेबवर अन्यत्र मिळणारी माहिती, म्हणजे लिंक, लेख आणि डिरेक्टऱ्या, विचारात घेतली जाते असे गूगलच्या मदतपानांवर पूर्वी म्हटलेले होते. डिरेक्टरी इथे साक्षीदाराच्या भूमिकेत येते. व्यवसायाचे नाव, पत्ता आणि फोन या तीन गोष्टी परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणी सारख्याच आढळल्या, तर तो व्यवसाय खरा आहे आणि तिथेच आहे, याची खात्री वाढते. साक्षी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर त्यांची संख्या कितीही असली तरी गोंधळच वाढतो. पाच जुळणाऱ्या नोंदी पन्नास विसंगत नोंदींपेक्षा मोलाच्या असतात, त्या यामुळे.

ही जुळणी नांदेडमध्ये साधणे किती अवघड आहे, ते एका पत्त्यावरून कळते. समजा, जुन्या मोंढ्यात कापडाचे एक दुकान आहे. पाटीवर 'जुना मोंढा' आहे, बिलावर इंग्रजीत 'ओल्ड मोंढा', एका डिरेक्टरीत 'मोंढा मार्केट', दुसरीत नुसतेच 'वजिराबाद', कारण माहिती घेणाऱ्याला ती खूण सोपी वाटली. वजिराबाद रोमन लिपीत कुणी 'व्ही'ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू'ने; वाघाळ्याचेही तेच. महापालिकेचे नाव नांदेड-वाघाळा आहे, पण कागदोपत्री कधी एक शब्द येतो, कधी दोन. पत्ता 'टॉवरसमोर', 'बँकेच्या मागे', 'जुन्या बसस्टँडजवळ' असाच सांगण्याची रीत आहे आणि पोस्टमनला तो पुरतो. यंत्राला 'समोर' आणि 'मागे' हे पत्त्याचे भाग आहेत की वर्णन, हे ठरवावे लागते. फोनचा इतिहास वेगळाच आहे. नांदेडच्या 02462 आणि लातूरच्या 02382 या कोडचे अनेक लँडलाइन नंबर कधीच बंद झाले, तरी पहिल्यांदा भरलेल्या नोंदींत ते तसेच राहिले. मालकाचा मोबाइल एका ठिकाणी, मुलाचा दुसऱ्या ठिकाणी, आणि काही डिरेक्टऱ्या तर कॉल मोजता यावेत म्हणून स्वतःचाच नंबर दाखवून तो पुढे वळवतात. एका दुकानाच्या नावावर असे चार फोन फिरत राहतात.

नांदेडला आणखी एक अडचण आहे, जी लातूरला नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर 'नांदेड सिटी' नावाची मोठी वसाहत आहे. हवेली तालुक्यातल्या नांदेड गावावरून तिला हे नाव मिळाले. रोमन लिपीत 'नांदेड'च्या जोडीला 'सिटी' शब्द टाकून शोधणाऱ्याला शहर अभिप्रेत आहे की वसाहत, हे सर्च इंजिनला संदर्भावरून ताडावे लागते. घरे, दवाखाने, शाळा, जिम अशा शोधांत पुण्याच्या नोंदींची भर पडते, कारण तिकडच्या व्यवसायांची वेबवरची लगबग जास्त आहे. गोदावरीकाठच्या नांदेडमधल्या व्यावसायिकाने पत्त्यात 'नांदेड सिटी' असे कधीही लिहू नये. जिल्हा, पिनकोड आणि 'मराठवाडा' हे शब्द वेबसाइटवर आणि प्रत्येक नोंदीत ठळक असावेत. एवढ्या लहान दुरुस्तीने होणारा फरक शंभर नव्या लिंकने होणार नाही.

शासकीय नामांतरानेही अशीच दुफळी होते. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधूनच वेगळा झालेला, त्यामुळे लातूरच्या अनेक संस्थांच्या शाखा धाराशिवमध्ये आहेत. जुन्या नोंदी जुन्या नावाने, नव्या नोंदी नव्या नावाने, आणि शोधणारे दोन्ही नावांनी शोधणारे. अशा वेळी सगळ्या नोंदी नव्या नावावर आणाव्यात आणि जुने नाव वेबसाइटवरच्या मजकुरात एखाद्या वाक्यात राहू द्यावे, म्हणजे दोन्ही नावांनी शोधणाऱ्यांना वेबसाइट सापडते.

लातूरचे खरे रणक्षेत्र शिक्षणाचे आहे. दहावीनंतर मराठवाड्यातून आणि त्यापलीकडूनही मुले 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे या शहरात येतात. राजर्षी शाहू आणि दयानंद ही महाविद्यालये, त्यांच्याभोवती वाढलेले नीट आणि जेईईचे क्लास, त्यांच्यामागे होस्टेल, मेस आणि अभ्यासिका, असा तो सगळा पसारा आहे. दहावीचा निकाल लागला की परभणीचा किंवा हिंगोलीचा पालक मोबाइलवर क्लास शोधतो, मग मुलीसाठी होस्टेल, मग जेवणाची सोय. या शोधांत डिरेक्टऱ्यांच्या नोंदी भरपूर दिसतात आणि त्यांतल्या पुष्कळ नोंदींची नावेच बदललेली असतात. क्लासच्या खऱ्या नावापुढे 'लातूरमधील सर्वोत्तम नीट क्लासेस' अशी शेपटी जोडलेली असते. याहूच्या काळातल्या 'ए'ची ही आजची आवृत्ती म्हणावी. गूगलच्या नकाशावर दिसणाऱ्या नोंदीच्या, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइलच्या नियमांप्रमाणे नाव पाटीवर असते तेच हवे. शेपटी जोडलेली प्रोफाइल कुणी तक्रार केली तर दुरुस्त होते किंवा स्थगित होते, आणि ऐन प्रवेशाच्या हंगामात स्थगित झाली तर त्या वर्षाचे नुकसान भरून निघत नाही. शिवाय डिरेक्टऱ्यांत एक नाव, पाटीवर दुसरे, वेबसाइटवर तिसरे झाले की साक्ष जुळण्याचा मुद्दाच निकालात निघतो. होस्टेलच्या बाबतीत हे आणखी गंभीर आहे. तिथे पालक मुलीला ठेवायला निघालेला असतो, आणि नोंदीतला चुकीचा पत्ता किंवा बंद फोन हा त्याच्यासाठी विश्वासाचा प्रश्न असतो.

डिरेक्टरी आणि वेबसाइट यांच्यातल्या स्पर्धेकडे आता वळावे. जस्टडायल 1996 मध्ये मुंबईत व्ही. एस. एस. मणी यांनी सुरू केली तेव्हा ती फोनवरून माहिती देणारी सेवा होती. ती 2013 मध्ये शेअर बाजारात आली आणि 2021 मध्ये रिलायन्स रिटेल व्हेंचर्सकडे गेली. इंडियामार्टही 1996 चीच. तिचा भर ठोक व्यापारावर. अशा मोठ्या डिरेक्टऱ्या प्रत्येक शहरासाठी आणि प्रत्येक धंद्यासाठी एकेक पान तयार ठेवतात. 'लातूरमधले दातांचे डॉक्टर' असे कुणी शोधले की त्या नेमक्या शब्दांचे पान त्यांच्याकडे असतेच, आणि त्यामागे साऱ्या डिरेक्टरीचे जुने वजन असते. लातूरच्या एकट्या दंतवैद्याची पाच पानांची वेबसाइट त्या शब्दांवर तिला सहजी हरवू शकत नाही. इतकेच नव्हे, त्याने स्वतः भरलेली नोंद, त्याच्या रुग्णांनी लिहिलेले अभिप्राय आणि त्याने टाकलेली छायाचित्रे याच सामग्रीवर डिरेक्टरीचे ते पान उभे असते. रुग्ण त्या पानावर येतो तेव्हा त्याला हा डॉक्टर दिसतोच, पण शेजारी आणखी वीस दिसतात, आणि पैसे भरणारा वर असतो. ज्या चौकशीसाठी डॉक्टरने नोंद केली, ती चौकशी चार जणांना वाटली जाण्याची शक्यता असते. मालकाने कधी न भरलेल्या नोंदीही वेबवर असतात, सार्वजनिक माहितीवरून आपोआप तयार झालेल्या. मराठवाड्यातल्या कित्येक दुकानांचे वेबवरचे पहिले पान हे असे, मालकाला न विचारता उभे राहिलेले आहे.

तरी डिरेक्टऱ्यांशी वैर धरणे शहाणपणाचे नाही. सर्वसाधारण शब्दांवर, म्हणजे 'दातांचे डॉक्टर', 'होस्टेल', 'मंगल कार्यालय' यांवर, डिरेक्टरी वर राहणार हे धरून चालावे आणि त्या पानावर आपली नोंद बिनचूक, भरलेली आणि ताजी ठेवावी. ग्राहक तिच्यातून आला तर आला. आपल्या वेबसाइटसाठी मात्र ते शब्द निवडावेत ज्यांच्यासाठी डिरेक्टरीकडे कप्पाच नाही. कोण वर दिसणार हा वाद जगभर चालू आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गूगलला 135.86 कोटी रुपये दंड ठोठावला. त्या प्रकरणात तक्रारदारांपैकी एक होती लग्नाच्या स्थळांच्या नोंदी ठेवणारी मॅट्रिमोनी डॉट कॉम. सर्च इंजिन आणि नोंदींवर जगणाऱ्या कंपन्या यांच्या या झगड्यात लातूरच्या दुकानदाराची बाजू मांडणारे कुणी नसते. त्याला आपली जागा स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःच तयार करावी लागते.

ती कशी करता येते, याचे उत्तम उदाहरण लातूरच्या डाळीत आहे. ठोक व्यापाराच्या डिरेक्टरीत कप्पा असतो 'तूरडाळ'. त्या कप्प्यात लातूरची मिल, अकोल्याची मिल आणि कलबुर्गीची मिल एका रांगेत उभ्या राहतात आणि फरक उरतो तो भावाचा. पण 2024 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वेळी पानचिंचोलीच्या पटडी चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीलाही. या नावांनी शोधणारा ग्राहक भाव पाहायला आलेला नसतो, त्याला तीच वस्तू हवी असते. डिरेक्टरीचे कप्पे देशभरासाठी एकाच साच्यात घडवलेले असल्याने इतका बारीक भेद तिथे मावत नाही. बोरसुरीच्या तुरीची लागवड कुठे होते, तिची डाळ शिजायला कशी, चवीला कशी, मिलमध्ये तिची भरड कशी काढतात, मानांकनाचा अधिकृत वापर कुणाला करता येतो, हे मराठीत आणि इंग्रजीत नीट सांगणारे एक पान उत्पादकाच्या वेबसाइटवर असेल तर त्या शोधावर त्याला तोडीचा स्पर्धक सापडणे कठीण. मग वर्तमानपत्र, कृषी विज्ञान केंद्र किंवा पाककृती लिहिणारे त्या पानाचा हवाला देतात. अशी आपणहून मिळालेली लिंक सर्च इंजिनच्या लेखी खरे मत असते.

सगळ्याच याद्या एका मापाने मोजू नयेत. ज्या यादीत येण्यासाठी पात्रता लागते तिचे वजन आजही आहे, कारण ती कुणीतरी जबाबदारीने राखलेली असते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये नांदेडला स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. त्याच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत नाव असते ते संलग्नता मिळाल्यामुळे. जिल्ह्यांच्या शासकीय वेबसाइटवर रुग्णालये, शाळा, बँका, महाविद्यालये यांच्या 'सार्वजनिक सुविधा' म्हणून याद्या असतात. व्यापारी संघटना, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या संघटना, निर्यातदारांच्या परिषदा यांच्या सदस्ययाद्या आहेत. या याद्यांकडे बहुतेक संस्थांचे लक्षच नसते. महाविद्यालयाने वेबसाइटचा पत्ता बदलला तरी विद्यापीठाच्या यादीत जुनाच राहतो, रुग्णालयाचा फोन बदलला तरी जिल्ह्याच्या पानावर जुनाच. एक पत्र किंवा एक ईमेल पाठवून ही दुरुस्ती होऊ शकते. विकत घेतलेल्या पाचशे नोंदींपेक्षा ते एक पत्र जास्त काम करते, आणि ते लिहायला पैसे पडत नाहीत.

भाषेचा प्रश्न नांदेडमध्ये तीव्र आहे. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब या शीख गुरुद्वाऱ्यात पंजाबातून आणि परदेशांतून यात्रेकरू वर्षभर येतात. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस थेट नांदेडला येते. हे लोक राहण्याची जागा, टॅक्सी, जेवण शोधतात ते इंग्रजीत, हिंदीत, कधी गुरुमुखीत. नायगावचा किंवा मुखेडचा माणूस नांदेडमध्ये हाडांचे डॉक्टर शोधतो तो आता बोलून, मराठीत. मोठ्या डिरेक्टऱ्यांची पाने प्रामुख्याने इंग्रजीत लिहिलेली आणि मराठी मजकूर असलाच तर यंत्राने फिरवलेला. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतून उत्तर देणारी पाने कमी आहेत, म्हणून त्या शोधात लहान वेबसाइटलाही वाव आहे. नावाची देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपे वेबसाइटवर असावीत. बिझनेस प्रोफाइलमध्येही पाटीवर ज्या लिपीत नाव आहे ती जपावी. 2014 पासून देवनागरीत '.भारत' हे डोमेनही मिळते, पण त्याने रँकिंग आपोआप वाढत नाही. पत्ता मराठीत वाचता येतो, एवढाच त्याचा लाभ.

प्रत्यक्ष काम कुठून सुरू करावे, तर वेबसाइटपासून. संपर्काच्या पानावर नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, चालू फोन आणि वेळा एकदाच, नेमक्या रूपात लिहाव्यात. 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही खुणांची पद्धत सुरू केली. त्या खुणा या मजकुराला लावल्या की यंत्राला पत्ता कोणता आणि वर्णन कोणते, हे ताडत बसावे लागत नाही. मग गूगल बिझनेस प्रोफाइल, बिंग प्लेसेस, एखाद-दोन मोठ्या डिरेक्टऱ्या आणि आपल्या धंद्याची खास यादी, एवढ्या ठिकाणी तोच मजकूर अक्षरशः तसाच न्यावा. त्यानंतर जुन्या नोंदींचा शोध घ्यावा. दुकानाचे नाव, जुना फोन, जुना पत्ता अवतरणचिन्हांत टाकून शोधले की विसरलेल्या नोंदी वर येतात. त्यांतल्या आपल्या म्हणून ताब्यात घेता येतील त्या घ्याव्यात आणि दुरुस्त कराव्यात, दुहेरी असतील त्या एकत्र करायला सांगाव्यात, जिथे दुकान उठून गेले आहे ती जागा 'कायमची बंद' किंवा 'स्थलांतरित' म्हणून नोंदवावी. नांदेडमध्ये जुन्या मोंढ्यातून नव्या मोंढ्यात गेलेल्या दुकानांच्या बाबतीत ही पायरी वगळली तर ग्राहक जुन्या दाराशी जाऊन परत फिरतो आणि अभिप्रायात तसे लिहितो. आधीच्या एखाद्या पॅकेजमुळे शेकडो फालतू लिंक झालेल्या असतील तर घाबरून जाण्याचे कारण नाही. बहुतेक वेबसाइटना लिंक नाकारण्याच्या साधनाची गरज पडत नाही; गूगलकडून तशी सूचना सर्च कन्सोलमध्ये आली तरच त्याचा विचार करावा.

पैसे भरून घेतलेल्या नोंदीचा हिशेब मात्र दरवर्षी करायला हवा. प्रत्येक डिरेक्टरीत वेबसाइटचा पत्ता देताना त्याच्या शेवटी त्या डिरेक्टरीची ओळख सांगणारी खूण जोडता येते. मग कोणत्या नोंदीतून किती जण आले, ते वेबसाइटच्या आकडेवारीत वेगळे दिसते. बिझनेस प्रोफाइलमध्ये किती जणांनी फोन केला आणि किती जणांनी रस्ता विचारला, याचे आकडे मिळतात. लोक कोणते शब्द शोधून आले, ते सर्च कन्सोल सांगते. फोनवरून येणाऱ्या चौकशीसाठी काउंटरवरच्या वहीत 'कुठून कळले' असा एक रकाना पुरतो. लातूरच्या क्लासने प्रवेशाचा जून-जुलै आणि नांदेडच्या बियाणे विक्रेत्याने खरिपाचा मे-जून असा एक पूर्ण हंगाम हे आकडे ठेवले, की कोणत्या डिरेक्टरीचे नूतनीकरण करायचे आणि कोणत्या विक्री प्रतिनिधीला नाही म्हणायचे, हे त्या वहीवरूनच ठरवता येते.